तीस वजा बारा अधिक आठ

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी गणिताच्या सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी खुर्ची ओढली, पिशवी ठेवली, बाटली काढून दोन घोट पाणी प्यायले, एवढ्यात समोरच्या टेबलावरून प्रश्न आला, "मॅडम, आधी काय?"

"आधी म्हणजे?"

"आधी मस्टरवर सही, मग पाणी. तुमी उलटं केलं."

उन्हात फाट्यापासून चालत आलेल्या बाईला पाण्यावरून बोलणारा माणूस पुढे काय काय बोलेल, याचा अंदाज मला तिथंच आला. मी मुद्दाम आणखी दोन घोट घेतले आणि मग सही केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आमची ओळख झाली ती अशी.

देवगाव फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. मी विज्ञानाला, सर गणिताला. मधे एकदोन बदल्या झाल्या, तरी फिरून फिरून ते याच गावात यायचे, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला होता. उंच, ताठ माणूस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशाला लाल पेन. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचे नाहीत, त्यामुळे माझे ते दोन घोट त्यांना का खुपले ते मला नंतर समजलं.

पोरं त्यांना पाठीमागे 'भागुबेव सर' म्हणायची. मराठी शाळेत ज्यांनी गणित केलंय त्यांना 'कंचेभागुबेव' हा मंत्र झोपेतसुद्धा म्हणता येतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. लांबलचक पदावली समोर आली की कुठली क्रिया आधी आणि कुठली मग, ते या मंत्रानं ठरवायचं. बाकीचे लोक हा मंत्र सातवीनंतर विसरतात. सर त्यावर जगत होते. घर हा त्यांच्या मते कंस. मुख्याध्यापक एकदा घरून तणतणत आले, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कंसातलं कंसात सोडवून यायचं, सर. वर्गावर आणू नये." मुख्याध्यापक गोरेमोरे झाले, पण शांत झाले.

त्यांचा एक किस्सा गावात अजून सांगतात. गावात एक मोठं लग्न होतं. मुहूर्त टळून गेलेला, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाघूम होऊन उभे, आणि माइकवर पुढाऱ्यांचे सत्कार चाललेले. एकाला शाल, दुसऱ्याला फेटा, तिसऱ्याला नारळ आणि दोन शब्द. वऱ्हाडी हातात अक्षता धरून कंटाळले होते, त्यातल्या निम्म्या अक्षता पोरांनी एकमेकांच्या डोक्यात टाकून संपवल्या होत्या. सर उठले, स्टेजवर गेले, माइक धरणाऱ्या माणसाच्या हातातून माइक घेतला. तोही त्यांचाच विद्यार्थी, त्यानं निमूट दिला. सर म्हणाले, "नवरा-नवरी कंसात उभे हायत. पुढारी कंसाच्या बाहेर. आधी कंस सोडवा." आणि भटजींकडे बघून, "महाराज, चला." मंडपात असा हशा झाला की फेटा बांधून घेणाऱ्या पुढाऱ्यालाही हसावं लागलं, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. ही गोष्ट ऐकल्यावर मला सर पहिल्यांदा आवडले.

आवडले, तरी त्यांचं गणित चुकीचं होतं.

मला ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. त्यांच्या वर्गावर एक तास बदली म्हणून गेले होते. मुलांच्या पाठ्यपुस्तकात शेवटी छापलेल्या उत्तरांवर लाल पेनानं काट मारून वेगळी उत्तरं लिहिलेली. प्रत्येक पुस्तकात. मी मुलांना विचारलं, तर म्हणाली, "छपाईत चुकलंय, सर दर साली दुरुस्त करतेत."

सर मंत्र अक्षरशः घ्यायचे. मंत्रात 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणजे बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर, मग ती पदावलीत कुठं का असेना. तीस वजा बारा अधिक आठ असं आलं की ते आधी बारा आणि आठ मिळवायचे, वीस, आणि तिसातून वीस काढून दहा लिहायचे. खरं तर बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून जी पहिल्यांदा येईल ती पहिल्यांदा करायची. उत्तर सव्वीस. पुस्तकात सव्वीसच होतं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मधल्या सुट्टीत सरांसमोर पुस्तक ठेवलं. त्यांनी ते बंद करून मला परत दिलं. "मॅडम, बेडकाला किती कप्प्याचं हृदय असतं?"

"तीन."

"मी कधी चार म्हणलं? तुमी तुमचा बेडूक बगा."

त्या वर्षी सेलूला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला एक तरुण मार्गदर्शक होता. मी त्याला चहाच्या वेळी गाठून सांगितलं की एवढं एक गणित फळ्यावर घ्याच. त्यानं लिहिलं, दहा वजा चार अधिक तीन. हॉलमधून दोन आवाज आले, 'नऊ' आणि 'तीन'. तीनवाले काही एकटे सर नव्हते, पण आवाज सरांचा मोठा होता. मार्गदर्शकानं समजावलं. सर उभे राहिले. "मंत्रात बेरीज आधी हाय का वजाबाकी?"

"बेरीज, सर. पण ती पाठ करायची सोय आहे..."

"मग संपलं. सोयीसाठी कायदा मोडता येत नाही."

सगळे जेवायला गेले तरी हे दोघं फळ्यापाशीच. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात जोडले. सर ताठ मानेनं बाहेर आले आणि मला म्हणाले, "शिकवायला पाठवतेत अन् शिकून येत नाहीत."

परतताना देवगाव फाट्यावर आम्ही जीपची वाट बघत होतो. भूक लागली म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात बसलो. सरांनी भजी मागवली. मला त्यांचा दिवसभराचा राग आलेला होता, त्यामुळे असेल, मी ताटली आली तशी भजी मोजली. दहा होती. मग सरांनी हात लावायच्या आत मी एकामागून एक चार खाल्ली. तोंड पोळलं, पण खाल्ली. मालकाला हाक मारली, "भाऊ, आणखी तीन द्या."

त्यानं तीन भजी ताटलीत टाकली. मी ताटली सरांपुढे सरकवली. "मोजा, सर."

"कामून?"

"मोजा तर."

त्यांनी मोजली. "नऊ."

"दहा होती. चार गेली, तीन आली. तुमच्या नियमानं किती उरायला पाहिजेत?"

"चार अन् तीन सात. दहातून सात..." ते पुन्हा ताटलीकडे बघू लागले.

"तीन ना? मग ही सहा जास्तीची कुठून आली? सर, ती तीन भजी आली. ती मी खाल्ली नाहीत. तुम्ही आलेलं गेलेल्यात धरता."

मला वाटलं ते चिडतील. तेही मला चाललं असतं. पण त्यांनी बोटानं भजी सारून तीन वेगळी केली, परत मिसळली, परत वेगळी केली. हॉटेलवाला म्हणाला, "गुरुजी, थंड व्हायलेत." त्यांनी ऐकलं नाही. जीप आली, कंडक्टरगिरी करणाऱ्या पोरानं हाका मारल्या, जीप गेली. मग सर म्हणाले, "मॅडम, एक पोरगी होती."

मी ताटली बाजूला सारली.

"सातवीला होती. तिला मी फळ्यावर हेच गणित दिलं. तीस वजा बारा अधिक आठ. तिनं सव्वीस लिहिलं. मी म्हणलो, मंत्र म्हण. तिनं म्हणला, बिनचूक. म्हणलो, आता उत्तर लिही. तिनं पुन्हा सव्वीस लिहिलं. म्हणली, सर, तिसातून बारा गेले, आठ आले, मग सव्वीसच की. मी तिला उभं केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी बी."

"मग?"

"शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पोरं मीच निवडायचो. तिला म्हणलो, दहा लिही, तुझं नाव घालतो. तिनं लिहिलं नाही. तिच्या बापानं सांगितलं व्हतं, परीक्षेला नाव आलं तर सेलूला ठेवून शिकवतो, नाहीतर सातवी बास. मला ते ठाऊक व्हतं, मॅडम. तरी नाही घातलं."

भज्यांची जी गंमत मला वाटत होती ती कुठल्या कुठे गेली. मला त्यांचा राग आला, खरा राग आला. ती मुलगी लग्न होऊन झरीला गेली होती, एवढं त्यांना माहीत होतं. उरलेल्या भज्यांना आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले आणि सांगितलं, "मी तुमाला चुकीचं शिकवलं. पुस्तक बरोबर हाय." मग सगळ्या चाचण्यांच्या वह्या परत मागवल्या आणि मार्क बदलले. यात मोठा गोंधळ झाला. ज्यांनी मंत्र घोकून पाठ केला होता ती हुशार पोरं खाली आली, आणि ज्यांना मंत्र कधी पाठच झाला नाही आणि जी आपली डावीकडून उजवीकडे करत गेली होती, ती वर गेली. नेहमी मागच्या बाकावर बसणाऱ्या एकाला पैकीच्या पैकी मिळाले. त्याच्या आईला ते खरं वाटेना, ती शाळेत विचारायला आली.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. सर दर रविवारी मोटारसायकल काढून जुन्या विद्यार्थ्यांकडे जाऊ लागले. पाथरीला एकाचं मोबाईलचं दुकान होतं, तिथं गिऱ्हाईक उभं असताना सरांनी त्याला गणित घातलं. तो म्हणाला, "सर, आता ह्याच्यात कॅल्क्युलेटर हाय ना," तर म्हणाले, "मोबाईल खाली ठेव अन् सांग." एक जण कापूस वेचत होता, त्याच्या ओळीनं सर चालत राहिले. लोक प्रेमानं म्हणायचे, "जाऊ द्या सर, झालं ते झालं, माफ केलं." त्यावर सर भडकायचे. "माफी मागितली का मी? उत्तर सांग." उत्तर बरोबर आल्याशिवाय ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. शेवटी अशी पाळी आली की सरांची मोटारसायकल दिसली की चाळिशीतली बाप्ये माणसं मागच्या दारानं पसार व्हायची.

मला या सगळ्याचं हसू यायचं, पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. सेलू झालं, पाथरी झालं, मानवत झालं, वाड्या-तांडे झाले, आणि झरी काही होत नव्हती. मी विचारलं की म्हणायचे, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी दुसऱ्याच गावाला जायचे. शेवटी दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांना मस्टरपाशी गाठलं.

"सर, कंस आधी ना?"

ते सही करत होते ती अर्धवट राहिली. मग म्हणाले, "तुमी बी चला. मला एकट्याला होणार नाही."

आम्ही एसटीनं गेलो. जिंतूरला गाडी बदलली. सर वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

घर सापडायला अवघड गेलं नाही. अंगणात शेंगांचा ढीग होता आणि एक बाई बसून शेंगा फोडत होती. सरांना बघताच तिनं ओळखलं. डोक्यावरून पदर घेतला, आत जाऊन तांब्या-पेला आणला, पेला सरांपुढे ठेवला आणि परत शेंगांपाशी जाऊन बसली. सर उभेच होते. ना नमस्कार, ना विचारपूस, एकदम म्हणाले, "तीस वजा बारा अधिक आठ. किती?"

तिनं मान वर केली नाही. "दहा."

सर दचकले. "दहा नाही. सव्वीस."

"न्हाई सर, दहाच. तुमीच सांगितलं व्हतं. माझी पोरगी सहावीला हाय, तिला बी मी दहाच लिहायला लावते."

"अगं, पण तू सव्वीस म्हणत होतीस!"

"सव्वीस मनलं की काय व्हतं ते मला ठाव हाय. तिचं तसं होऊ नये."

मी आजवर अनेक बायकांना रडताना पाहिलंय. ही रडत नव्हती, शेंगा फोडत होती, आणि मलाच तिथं उभं राहवेना. सर खाली बसले, त्या फोलपटांतच.

"तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "मी चुकलो."

"कवा कळलं?"

"यंदा."

"मला तवाच कळलं व्हतं." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "आता हे ऐकून मी काय करू, सर?"

याचं उत्तर सरांकडे होतं. गाडीत ते गप्प होते ते याचसाठी. "दहावीला बस. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. तुझ्या पोरीच्या आधी पास हो. फॉर्म मी आणतो, पुस्तकं मी आणतो, गणित मी शिकवतो."

ती शेंगा फोडायची थांबली. ओसरीवर तिचा नवरा केव्हाचा येऊन उभा होता, तो म्हणाला, "बस की. लय दिवसाचं बोलून दाखवतीस." ती त्याच्याकडे बघून थोडं हसली. मग म्हणाली, "बसते. पन गणित तुमच्याकडून न्हाई शिकायचं मला." तिनं माझ्याकडे हात केला. "ह्या मॅडम शिकवत्याल का?"

सरांचा चेहरा उतरला. मी तो कधी तसा पाहिला नव्हता. पण ते म्हणाले, "शिकवतील." मला कोणी विचारलंच नाही.

त्यानंतर दर रविवारी आम्ही झरीला जायचो. सर मला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचे, कारण एसटीनं वेळ जातो. मी आत बसून तिला शिकवायचे आणि सर बाहेर ओट्यावर बसून तिच्या शेंगा फोडायचे. शेंगा संपल्या की तूर पाखडायचे, तूर संपली की लसूण सोलायचे. तिचा नवरा म्हणायचा, "सर, आत बसा की, बरं न्हाई दिसत." सर म्हणायचे, "मला बोलावलेलं नाही." दारातून त्यांना सगळं ऐकू जायचं, पण त्यांनी एकदाही तोंड घातलं नाही. ज्या माणसानं मला पाणी पिण्याचा क्रम शिकवला होता, त्याला हे किती जड जात असेल ते मला कळत होतं.

ती हुशार होती, मला वाटलं होतं त्याहून जास्त. बीजगणित तिला दोन वाक्यांत समजायचं. पण पदावलीत वजाबाकी आणि बेरीज शेजारी शेजारी आली की तिचा हात थांबायचा. ती बरोबर उत्तर लिहायची, दाराकडे बघायची आणि खोडायची. दर वेळी. मी सांगून दमले की बरोबर आहे, खोडू नका. ती म्हणायची, "हाव मॅडम," आणि पुढच्या गणिताला पुन्हा खोडायची. मला सरांचा राग पुन्हा पुन्हा यायचा, आणि बाहेर सुपानं पाखडल्याचा आवाज ऐकला की पुन्हा पुन्हा जायचा.

असा उन्हाळा आला. एका रविवारी एक समीकरण सोडवताना तिचं उत्तर एक आलं आणि पुस्तकात मागे दुसरं. मी पुस्तक बघितलं, तिची वही बघितली. मलाही नेमकं उमगेना कुठं काय झालं. मी म्हटलं, "पुस्तकातलंच बरोबर असेल, तुमचं कुठंतरी चिन्ह चुकलं असेल. परत करा."

तिनं परत केलं. उत्तर तेच. तिनं खोडरबर उचलला आणि खाली ठेवला.

"मॅडम, माझं चुकलं न्हाई," ती म्हणाली. आणि मान वळवून दाराकडे हाक मारली, "सर, जरा आत या."

बाहेरचा आवाज बंद झाला. सर दारात आले. अंगावरचं फोलपट झटकत उंबऱ्याशी थांबले, खरंच बोलावलंय का ते बघत. तिनं वही पुढे केली. ते आत आले, सतरंजीच्या कडेला बसले. पुस्तकातल्या उत्तराकडे बघितलं नाही, तिच्या उत्तरावर हात ठेवून ते झाकलं, आणि म्हणाले, "थांब. मी करून बघतो."

त्यांनी ते गणित स्वतः सोडवलं. एकेक पायरी, हळू. एका जागी अडले, मागं गेले, परत आले. आम्ही दोघी बघत होतो. शेवटची ओळ लिहून त्यांनी तिच्या उत्तरावरचा हात काढला. दोन्ही उत्तरं एकच होती.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पुस्तक चुकलं."

"मंग लिवा तसं."

त्यांनी तिच्या उत्तराखाली 'बरोबर' असं लिहिलं. तिनं वही परत ओढून घेतली, ते वाचलं, पान उलटलं आणि पेन्सिल हातात घेतली.

"पुढचं गणित सांगा, सर."